दोन बादल्यांचा कंपोस्ट संच: वास जातो, पण नत्र राहतं का?

ऑनलाइन मागवा नाहीतर नर्सरीतून उचला, घरगुती कंपोस्टचा संच बहुतेक वेळा एकाच साच्यातला निघतो. वीस ते पंचवीस लिटरच्या दोन प्लास्टिकच्या बादल्या, आत तळाशी जाळी, जाळीखाली तोटी, झाकणाला भोकं, सोबत कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या चुऱ्यात) कालवलेल्या कल्चरची, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची, पिशवी, ढवळायला छोटा पंजा आणि चार पानांचं माहितीपत्रक. किंमत साधारण दीड ते साडेतीन हजार. कंपनीचं नाव आणि बादलीचा रंग बदलतो, आतला माल फारसा बदलत नाही. म्हणून हे परीक्षण एका कंपनीचं नाही, या साच्याचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकू: बादली चांगली, तोटी सुमार, कोकोपीट उपयोगी पण एकटं अपुरं, आणि माहितीपत्रक नत्राच्या, म्हणजे नायट्रोजनच्या, बाबतीत चक्क चुकीचं.

अशा संचांची परीक्षणं वास, अळ्या आणि 'किती दिवसांत खत' या तीन गोष्टींवर संपतात. बादलीत गेलेल्या नत्रापैकी कुंडीपर्यंत किती पोचलं, हे कोणी विचारत नाही. चार जणांच्या घरात रोज किलोभर ओला कचरा निघतो असं धरा. त्यातलं ८०० ग्रॅम पाणीच. उरलेल्या २०० ग्रॅम कोरड्या मालात अडीच टक्के नत्र धरलं तर रोजचे ५ ग्रॅम, वर्षाचे साधारण १.८ किलो. म्हणजे जवळपास चार किलो युरियात असतं तेवढं. घरगुती कचऱ्याच्या कंपोस्टवर जी मोजमापं झाली आहेत, त्यांत सुरुवातीच्या नत्राचा पाव हिस्सा ते निम्म्याहूनही जास्त हिस्सा वाटेत हरवलेला दिसतो, आणि त्यातला मोठा वाटा अमोनिया वायू होऊन उडालेला असतो.

रुपयांत बघाल तर हे नुकसान हास्यास्पद आहे. अनुदानित युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपयांच्या आसपास मिळते. त्या भावाने वर्षाला निम्मं नत्र उडालं तरी बारा रुपये गेले. तरीही हिशेब करायचा तो दोन कारणांसाठी. कुंडीतल्या झाडाला मुळं पसरायला शेत नसतं, त्याला जे मिळायचं ते त्याच दहा-बारा लिटर मातीतून. नत्र उडालेलं कंपोस्ट माती भुसभुशीत करतं, पाणी धरतं, पण पालेभाजीला आणि मिरचीला उपाशीच ठेवतं. दुसरं कारण म्हणजे उडालेलं नत्र कुठेतरी जातंच: अमोनिया शेजाऱ्याच्या नाकात, आणि बादलीत हवा न पोचलेल्या ओल्या भागातून थोडं नायट्रस ऑक्साइड वातावरणात. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा २७३ पट तापवणारा आहे.

माहितीपत्रकातली 'मूठभर'

बहुतेक माहितीपत्रकांचा मंत्र एकच: कचऱ्याचा थर टाका, वर मूठभर मिक्स (पिशवीतलं कोकोपीट-कल्चर) पसरा, झाकण लावा. मूठभर म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम. किलोभर भाजीच्या कचऱ्यात ५० ग्रॅम कोकोपीट घातलं तर मिश्रणात पाणी उरतं ७७ टक्के. कंपोस्टला हवं असतं ५० ते ६० टक्के. मुठीत घट्ट दाबल्यावर एक-दोन थेंब यावेत, धार लागू नये, ही त्याची जुनी खूण. ७७ टक्क्यांना धार लागते, मालातल्या फटी पाण्याने भरतात, हवा बंद होते आणि पुढचं सगळं बिघडतं.

पाण्यापेक्षा मोठी अडचण कर्बाची, म्हणजे कार्बनची, आहे. भाजीपाल्याच्या कचऱ्याचं कर्ब-नत्र गुणोत्तर १५ ते २०च्या मधे असतं, म्हणजे एक भाग नत्रामागे कर्बाचे तितके भाग. कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना आपलं शरीर बांधायला नत्र लागतं, पण सोबत पोटाला कर्बही लागतो. २५ ते ३० गुणोत्तर असेल तर मिळालेलं नत्र ते आपल्या अंगात बांधून ठेवतात. कर्ब कमी पडला की ते प्रथिनांतला कर्ब जाळून भागवतात आणि नको असलेलं नत्र अमोनियम म्हणून बाहेर टाकतात. पुढे अमोनिया होऊन उडतं ते हेच.

विक्रेता म्हणेल, कोकोपीटचं गुणोत्तर शंभराच्या आसपास आहे, कर्ब भरपूर आहे. कागदावर बरोबर. पण नारळाच्या काथ्याचा हा चुरा लिग्निनने, म्हणजे लाकडाला कडकपणा देणाऱ्या पदार्थाने, भरलेला असतो आणि लिग्निन जिवाणूंना लवकर फोडता येत नाही. पहिल्या तीन आठवड्यांत, म्हणजे नत्र उडण्याच्या ऐन काळात, त्यातला फार थोडा कर्ब हाती लागतो. कुलूपबंद कोठारातलं धान्य भुकेच्या वेळी जेवढं उपयोगी, तेवढाच हा कर्ब.

तरी कोकोपीट टाकाऊ नाही. ते स्वतःच्या वजनाच्या आठ-नऊ पट पाणी धरतं, किंचित आम्लधर्मी असतं आणि अमोनियम आपल्या कणांवर धरून ठेवतं. या तिन्ही गोष्टी नत्र राखायला मदत करतात. चूक एवढीच, की संच बनवणारे त्याला सुक्या पाल्याची जागा देतात. घेताना 'धुतलेलं, कमी ईसीचं' (ईसी म्हणजे क्षारांचं माप) लिहिलंय का बघा. न धुतलेल्या काथ्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार जास्त असतात; घरच्या उरल्यासुरल्या भाजी-आमटीतलं मीठ त्यात मिळालं की तयार खत कोवळ्या रोपांना झोंबतं.

हिशेब पाल्याने करून बघा. वर धरलेल्या एक किलो कचऱ्यात ९० ग्रॅम कर्ब आणि ५ ग्रॅम नत्र, म्हणजे गुणोत्तर १८. सुक्या पाल्याचं गुणोत्तर ५० धरलं, तर मिश्रण २५ला आणायला साधारण १७५ ग्रॅम आणि २७ला न्यायला २४० ग्रॅम पाला लागतो. हाताने चुरलेला पाला हलका असतो, म्हणून मापाने सांगायचं तर किलोभर कचऱ्याला अडीच ते तीन लिटर. भाजीच्या कचऱ्याची एक वाटी तर पाल्याची दीड. माहितीपत्रकातल्या मुठीपासून हे किती लांब आहे बघा.

आणि इथेच या संचाची खरी मर्यादा कळते. रोज २४० ग्रॅम म्हणजे वर्षाला ८८ किलो पाला, म्हणजे शंभर लिटरच्या दहा-अकरा गोण्या. फ्लॅटच्या बाल्कनीत त्या ठेवायच्या कुठे? संच बनवणाऱ्यांनी कोकोपीट निवडलं ते रसायनशास्त्रासाठी नाही. ते दाबून विटेएवढं होतं आणि कुरिअरने जातं. पाला कुरिअरने जात नाही.

दुसरा आठवडा

अमोनियम आणि अमोनिया ही एकाच नत्राची दोन रूपं. पहिलं पाण्यात विरघळून राहतं, दुसरं उडतं. कुठलं किती, हे सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) आणि तापमान ठरवतात. २५ अंशांना सामू ७ असेल तर शंभरातला एक भागही उडण्याच्या रूपात नसतो. सामू ८ला पाच-सहा भाग, ९ला पस्तीसच्या वर. मालाचं तापमान ३५ अंशांवर गेलं की सामू ८लाच हा आकडा दहाच्या आसपास पोचतो.

ताज्या कचऱ्याचा सामू सुरुवातीला खाली येतो, फळांच्या सालींनी आणि लॅक्टिक आम्लाने साडेचार-पाचपर्यंत. तेव्हा आंबूस वास येतो आणि माणसं घाबरतात. खरं तर या आठवड्यात नत्र सगळ्यात सुरक्षित असतं. जिवाणूंनी ही आम्लं खाऊन संपवली की सामू आठ-साडेआठवर चढतो, माल गरम होतो आणि अमोनिया सुटतो. थर नवा असेल तर हे साधारण दुसऱ्या आठवड्यात येतं.

ऐन याच वेळी माहितीपत्रक तीन सल्ले देतं: दोन उलटे पडतात, तिसरा वाया जातो.

पहिला सल्ला: वास आला तर चिमूटभर चुना किंवा राख टाका. आंबूस वास आणि अमोनियाचा वास यांत फरक करायला कोणी शिकवत नाही. आंबूस वास ताक नासल्यासारखा. अमोनियाचा वास मुतारीसारखा, नाकात चढणारा, डोळ्यांना झोंबणारा. दुसऱ्या वासावर चुना टाकला की सामू एकदम वर जातो आणि पाण्यात विरघळलेलं अमोनियमही उडून जातं. दोन दिवसांनी वास गेलेला असतो, कारण उडायला काही उरलेलं नसतं. गावाकडच्या चुलीच्या राखेचंही तेच. तिचा सामू दहाच्या वर असतो. राख घालायचीच तर तयार खतात, कुंडीत टाकताना घाला. अंड्याच्या टरफलांची मात्र भीती नको, ती जाडी असतात आणि फार सावकाश विरघळतात.

दुसरा सल्ला: रोज ढवळा. दर ढवळणीत मालाच्या फटींत साठलेला अमोनिया बाहेर येतो आणि ताजी हवा आत जाऊन आणखी सुटतो. पाला पुरेसा असेल तर फटी आपोआप राहतात आणि आठवड्यातून दोनदा ढवळणं पुरतं. ढवळल्यावर वर दोन बोटं जाडीचा पाला नाहीतर जुनं कंपोस्ट पसरा. वरचा हा कोरडा, गार थर खालून येणारा अमोनिया अडवतो. बादलीच्या झाकणाला गाळणी लावण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

तिसरा सल्ला: कल्चर जास्त टाका. ओल्या कचऱ्याबरोबर जिवाणू घरातूनच येतात. जुन्या कंपोस्टची ओंजळभर माती तेच काम करते. वाटीभर आंबट ताक पाण्यात मिसळून शिंपडायची पद्धत आहे, त्याने बिघडत काही नाही, पण तेवढ्या ताकाने बादलीचा सामू उतरेल अशी आशा धरू नका.

अमोनिया सुटतोय का हे नाकावर सोपवायची गरज नाही. चमचाभर हळद दोन चमचे स्पिरिटमध्ये कालवा, त्यात टिपकागदाच्या किंवा गाळणकागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवा. एक पट्टी पाण्याने ओली करून झाकणाच्या आतून चिकटवा आणि दहा मिनिटांनी पाहा. पिवळीच राहिली तर ठीक. विटकरी लाल झाली तर वायू सुटतोय, लगेच पाला घाला. हळदीला चुना लागून कुंकू होतं, त्यामागचं रसायन हेच.

वीस लिटरच्या बादलीचा एक गुण मात्र मान्य करायला हवा: ती फार तापत नाही. मोठ्या ढिगात ६० अंश सहज होतात, इथे ४५च्या वर क्वचित. नत्रासाठी हे चांगलं. पण बिया मरत नाहीत. या खतातून कुंडीत टोमॅटो, पपई आणि भोपळा उगवले तर नवल नको.

तोटी

संचातला सगळ्यात फसवा भाग. तोटीतून निघणाऱ्या तपकिरी पाण्याला माहितीपत्रक 'द्रवखत' म्हणतं आणि दहापट पाण्यात मिसळून घालायला सांगतं. त्यात अमोनियम आणि पोटॅशियम असतं हे खरं, म्हणूनच ते बादलीतून जाणं हा तोटा आहे. कच्च्या मालातून निथळलेलं हे पाणी आम्ल, क्षारयुक्त आणि अर्धवट कुजलेलं असतं. रोपांच्या मुळांना ते कधी मानवतं, कधी नाही. पाला योग्य प्रमाणात असेल तर तोटीतून काही येतच नाही. पाणी आलंच तर ते दुसऱ्या बादलीतल्या सुक्या मालावर ओता, म्हणजे नत्र घरात राहतं. तोटी जाळीच्या अगदी खाली बसवलेली असते आणि कणांनी तुंबते. तुंबली की खालचा चार बोटं माल चिखल होतो, हवा संपते आणि तिथलं नायट्रेट (नत्राचं आणखी एक विरघळणारं रूप) वायू होऊन जातं. जाळीवर आधी दोन-तीन इंच जाड चिपाड किंवा काटक्या अंथरल्या तर हा त्रास टळतो. तोटी नसलेली, तळाला नुसती भोकं आणि खाली ताटली असलेली स्वस्त बादली मिळाली तर ती खुशाल घ्या.

कोकण, गोवा आणि मुंबईच्या मासळी खाणाऱ्या घरांसाठी वेगळा इशारा. 'मांसाहारी कचरा चालतो' असं खोक्यावर लिहिलेलं असतं. चालतो, पण हिशेब बघा. किलोभर मासळीच्या डोक्या-आतड्यांत आणि कोळंबीच्या सालांत नत्र इतकं असतं, की गुणोत्तर २५ला आणायला दोन किलोहून जास्त सुका पाला लागेल. बादलीत ते शक्य नाही. मासळी जमिनीत हातभर खोल पुरा किंवा खाली सांगितलेल्या बोकाशी बादलीत टाका.

विक्रेत्याचा नत्र-रिपोर्ट

काही कंपन्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट दाखवतात: तयार खतात नत्र १.७५ टक्के. ऐकायला भारी. शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशाने ठरवलेली किमान मर्यादा ०.८ टक्के आहे, कर्ब-नत्र गुणोत्तर २०च्या आत हवं. नत्राची अट पुरी होते. पण या रिपोर्टवरून नत्र राखलं गेलं असं काहीही सिद्ध होत नाही.

कारण साधं आहे. कुजताना कर्ब नत्रापेक्षा जास्त जातो, माल आटतो, आणि टक्का आपोआप वर चढतो. सुरुवातीला ४०० ग्रॅम कोरडा माल आणि त्यात १.६७ टक्के म्हणजे ६.७ ग्रॅम नत्र होतं. शेवटी २०० ग्रॅम उरला आणि त्यात १.७५ टक्के म्हणजे ३.५ ग्रॅम. टक्का वाढला, नत्र निम्मं झालं. खरा हिशेब राखेवरून करतात, कारण राख म्हणजे खनिज भाग उडत नाही. सुरुवातीची राख गुणिले शेवटचं नत्र, या गुणाकाराला शेवटची राख गुणिले सुरुवातीचं नत्र या गुणाकाराने भागा (सगळे आकडे टक्क्यांत). हे उत्तर शंभराने गुणून शंभरातून वजा करा. सुरुवातीला राख १० टक्के आणि शेवटी २० असेल तर वरच्या आकड्यांनी तोटा येतो साधारण ४८ टक्के. कृषी महाविद्यालयांच्या माती परीक्षण प्रयोगशाळांत एकूण नत्र आणि राख दोन्ही मोजून मिळतात. बादलीत माती घातली असेल तर मात्र हा हिशेब बिघडतो, मातीची राख मिसळते.

विक्रेत्याला विचारायचा प्रश्न म्हणून एकच: सुरुवातीच्या मालाचा रिपोर्ट आहे का?

दुसरे पर्याय, थोडक्यात

मातीची तीन मजली मडकी दिसायला देखणी आणि नत्राच्या दृष्टीने बादलीपेक्षा किंचित सरस. भाजलेल्या मातीतून पाणी बाहेर झिरपतं, त्यामुळे माल चिखल होत नाही. पण विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती फार लवकर सुकतात. ओल ४० टक्क्यांखाली गेली की कुजणं थांबतं, माल तपकिरी आणि कोरडा दिसतो, माणूस समजतो झालं खत. कुंडीत घालून पाणी दिलं की तिसऱ्या दिवशी अमोनियाचा वास. एप्रिल-मेमध्ये मडक्यांना ओलं गोणपाट गुंडाळावं लागतं. किंमत बादलीच्या दीड-दोन पट.

बोकाशी बादली हवाबंद असते आणि लॅक्टिक जिवाणू घातलेला गव्हाचा कोंडा वापरते. सामू चारच्या आसपास उतरतो, त्यामुळे अमोनिया सुटतच नाही. नत्र राखण्यात या यादीत ती पहिली. पण दोन आठवड्यांनी बादलीतून निघतं ते खत नव्हे, लोणचं. ते मातीत पुरून आणखी दोन-तीन आठवडे ठेवावं लागतं. ज्यांच्याकडे वाफा किंवा मोठी मातीची पेटी आहे, त्यांनीच घ्यावी.

विजेवर चालणारं यंत्र. वीस हजारांपासून पुढे, काही तासांत 'खत'. आत सुरी फिरते, तापक माल वाळवतो आणि संध्याकाळी तपकिरी भुकटी मिळते. ते खत नाही, वाळवलेला कचरा आहे. गंमत अशी, की नत्राच्या रिपोर्टमध्ये हे यंत्र सगळ्यांना हरवतं, कारण काही कुजलेलंच नसतं आणि नत्र अजून प्रथिनांतच अडकलेलं असतं. भुकटी कुंडीत भिजली की सगळा प्रवास तिथे सुरू होतो: आंबणं, गरम होणं, बुरशी, अमोनिया, तेही थेट मुळांशी. ज्यांनी घेतलंच आहे त्यांनी ही भुकटी तिच्या तिप्पट पाल्यात आणि मूठभर मातीत मिसळून, ओलावून, सहा आठवडे साध्या बादलीत ठेवावी. मग प्रश्न पडतो, यंत्र कशाला? कचरा उचलायला कोणी येत नसेल आणि घरात साठवायला जागा नसेल तर वजन घटवायचं साधन म्हणून ठीक, खताचं यंत्र म्हणून नाही.

नाडेप ही बाल्कनीची वस्तू नव्हे, पण जागा असलेल्या बंगल्यांना आणि सोसायट्यांना आठवण करून द्यायला हवी. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेल्या, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भोकं ठेवलेल्या विटांच्या टाक्यात प्रत्येक काडीकचऱ्याच्या थरावर पन्नास-साठ किलो कोरडी माती पसरतात. शेण फक्त चार किलो, पाण्यात कालवून. शेणापेक्षा मातीचा हा मोठा वाटाच नत्राच्या दृष्टीने हुशारीचा आहे, आणि तो बादलीतही आणता येतो.

घ्यायचं ठरवलंत तर

बादली साधी घ्या, मिक्सची पिशवी एकच घ्या, रिफिलचं वार्षिक पॅकेज नको. वाचलेल्या पैशांत एक जाड ताडपत्री आणि गोण्या घ्या. जानेवारी ते मार्चमध्ये बदाम, पिंपळ, गुलमोहर आणि वर्षावृक्ष पान गाळतात. सोसायटीचा माळी तेव्हा पाला जाळायच्या बेतात असतो, त्याच्याकडून घ्या. आंब्याचं पान मेणचट असतं, पायाखाली चुरून घाला.

दहा गोण्यांना जागा नसेल तर किलोभर कचऱ्याला मिश्र पुरवणी जमते: १०० ग्रॅम चुरलेला पाला, ५० ग्रॅम कोकोपीट, आणि ४० ग्रॅम फाडलेले अंड्यांचे ट्रे किंवा साधा पुठ्ठा. कागदातला कर्ब जिवाणूंना लगेच मिळतो, म्हणून थोडाच पुरतो. पण एकावर एक पातळ कागद घातले तर ते चिकटून हवा अडवतात. रसवंतीवरचं उसाचं चिपाड फार चांगलं. उरलेली साखर आणि मऊ तंतू दोन्ही लगेच कामाला येतात. दोन दिवस वाळवून वीतभर तुकडे करा, नाहीतर मुंग्या येतात. सुताराकडचा भुसा चालतो, पण फक्त अख्ख्या लाकडाचा. प्लायवुड आणि एमडीएफच्या भुशात गोंद असतो. भाताचं तूस हवा खेळती ठेवतं, कर्ब मात्र फारसा देत नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मूठभर माती. देशावरची काळी माती असेल तर उत्तम, तिच्यातली चिकणमाती अमोनियम घट्ट धरते. कोकणातल्या जांभ्याच्या लाल मातीत ती ताकद फार कमी. तिथे मातीऐवजी इस्त्रीवाल्याकडचा लाकडी कोळसा बारीक कुटून, राख झटकून, पाण्यात धुऊन आकारमानाच्या पाच-दहा टक्के घाला. खताच्या दुकानातलं जिप्समही चालतं, किलोभर कचऱ्याला १० ग्रॅमपर्यंत: अमोनियम कार्बोनेटचं अमोनियम सल्फेट होतं आणि ते उडत नाही. पण बादली ओलीगच्च असेल तर जिप्सम नकोच, त्यातल्या सल्फेटपासून कुजक्या अंड्याचा वास सुटतो.

पहिली बादली भरली की तिला हात न लावता बाजूला ठेवा आणि दुसरी सुरू करा. इथे दोन बादल्यांचा साचा खरोखर कामाचा आहे. माल गार झाल्यावर, ४० अंशांखाली, वेगळे जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात आणि सामू पुन्हा साडेसातकडे उतरतो. याला महिना-दीड महिना लागतो. पावसाळ्यात ही बादली आडोशाला हवी, कारण नायट्रेट उडत नाही पण पाण्याबरोबर सरळ वाहून जातं.

झालं की नाही हे रंगावर ठरवू नका. एक भाग खत दहा भाग पाण्यात ढवळून तासाभराने फडक्यातून गाळा. एका बशीत या पाण्याने आणि दुसरीत साध्या पाण्याने कापूस भिजवून दोन्हींत दहा-दहा अळिवाचे दाणे टाका. तिसऱ्या दिवशी मोजा. साध्या पाण्यात दहा उगवले आणि खताच्या पाण्यात आठाहून कमी, किंवा उगवूनही मुळं आखूड आणि टोकाला तपकिरी, तर खत अजून कच्चं आहे. झाकण लावून आणखी तीन आठवडे ठेवा.